कुठपर्यंत आलं होतं?

लिलो हा लिनक्सचा जुना बूटलोडर. तो स्वतःचं नाव एका दमात लिहीत नसे. यंत्र सुरू केलं की काळ्या पडद्यावर आधी 'एल' उमटे, मग 'आय', पुन्हा 'एल' आणि शेवटी 'ओ'. वेर्नर आल्मेसबर्गरने तो लिहितानाच अशी सोय केली होती की एकेक काम पार पडलं की एकेक अक्षर पडद्यावर यावं. नुसता 'एल' येऊन पुढे दोन आकडी संकेतांची रांग लागली, तर लिलोचा पहिला तुकडा चढलाय पण दुसरा डिस्कवरून वाचता येत नाही. 'एलआय'वर अडलं तर दुसरा तुकडा मिळाला, पण चालेना. बहुतेक वेळा डिस्कची मांडणी बायोस एक समजत असे आणि लिलो दुसरी. 'एलआयएल' म्हणजे दुसरा तुकडा चालू झाला, पण कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डिस्कवर कुठे ठेवलाय त्याचा नकाशा काही वाचता आला नाही. चारही अक्षरं आली की लिलो सुटला. पुढे जे बिघडेल ते बहुतेक कर्नलच्या खात्यावर.

बिघाड सांगण्याची याहून सभ्य रीत मी पाहिलेली नाही. 'काहीतरी चुकलं, थोड्या वेळाने प्रयत्न करा' असं म्हणणारी हल्लीची ॲपं पाहिली की मला ते अर्धवट नाव आठवतं. लिलो बंद पडायचा तोही आपण कुठे बंद पडलो ते सांगून.

मी तळोद्यात संगणकाचे वर्ग घेत होतो तेव्हा नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा होऊन पाच-सहा वर्षंच झाली होती. नव्या कचेऱ्या, नवी टेबलं, टेबलावर प्लास्टिकच्या वेष्टनात झाकलेले संगणक. नोकरीच्या अर्जाला एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र लागतं म्हणून धडगाव, अक्कलकुव्याकडून मुलं येत. एसटी पकडायची घाई असल्याने बहुतेक जण तास संपला की निघून जायचे. दोघं-तिघं मात्र मागे रेंगाळायचे, आणि त्यांच्यासाठी मी पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर आलेल्या लिनक्सच्या सीडी काढायचो. कर्नलचा मूळ मजकूर त्यातच असे. तीस-पस्तीस एमबीचं ते गाठोडं फोनच्या तारेवरून उतरवायची आमची प्राज्ञा नव्हती.

तयार कर्नल असताना आपला आपण का कंपाइल करायचा, हा प्रश्न तेव्हाही विचारला जायचा. वितरणाबरोबर येणारा कर्नल साऱ्या जगाची यंत्रं चालवायला निघालेला असतो. आमची यंत्रं सुरतहून आलेली, दुसऱ्या-तिसऱ्या हाताची. मेमरी ६४ किंवा १२८ एमबी. आपल्याकडे नाहीत ती उपकरणं कर्नलमधून काढली तर चार एमबी सुटायचे, आणि तेव्हा चार एमबी कळायचे. हे झालं सांगायचं कारण. खरं म्हणजे मुलांना यंत्राच्या आत हात घालायचा होता. 'मेक मेन्यूकॉन्फिग' म्हटलं की निळ्या पडद्यावर शेकडो चौकोन उघडतात. एखाद्या ड्रायव्हरपुढे तारा ठेवला तर तो कर्नलमध्ये कायमचा बसतो. 'एम' ठेवला तर तो वेगळी फाइल होऊन डिस्कवर पडतो आणि लागेल तेव्हा आत घेतला जातो. रिकामं ठेवलं तर नाहीच. एवढ्या तीन खुणांत सगळं राज्य, आणि सगळे घोटाळेही.

नवा कर्नल उठला नाही की पहिली अडचण अशी की उत्तर शोधायला दुसरं यंत्र नाही. इंटरनेट होतं ते त्याच यंत्रावर किंवा नंदुरबारच्या कॅफेत, आणि हातोड्याचा पूल व्हायच्या आधी नंदुरबारला जायचं तर प्रकाशावरून वळसा. मोबाइलला कॅमेरे नव्हते. म्हणून मी एक नियम केला होता: पडद्यावर शेवटी जे दिसतंय ते वहीत उतरवायचं, अक्षर न अक्षर, कंसातल्या आकड्यांसकट. मुलांना तो जाच वाटे. इंग्रजीचं भय, त्यात ते लांबलचक शब्द. पण उतरवून घेताना माणूस वाचतो. नुसतं पाहिलं तर कर्नल हात टेकतो तेव्हा छापतो तो 'पॅनिक' एवढा एकच शब्द डोळ्यांत घुसतो आणि बाकीचं दिसेनासं होतं.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातला एक मुलगा आपला संगणक गोणपाटात गुंडाळून एसटीने घेऊन आला होता. त्याने घरी २.६ मालिकेतला कर्नल बांधला होता आणि तो उठत नव्हता. वहीत ओळ होती: 'व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक', आणि पुढे कंसात (०,०). कर्नल मेमरीत आला, प्रोसेसर ओळखला, मेमरी मोजली, घड्याळ लावलं आणि मग ज्या डिस्कवर बाकीचं सगळं ठेवलंय ती उघडायला गेला, तेव्हा तिथे त्याला डिस्कच दिसली नाही. शून्य, शून्य म्हणजे या नावाचं उपकरण माझ्या यादीतच नाही. हार्डडिस्क धडधाकट होती. जुन्या कर्नलवर तेच यंत्र व्यवस्थित चालत होतं. मुलाने डिस्कच्या ड्रायव्हरपुढे 'एम' ठेवला होता. म्हणजे डिस्क वाचायचा ड्रायव्हर डिस्कवरच पडलेला. वितरणवाले यावर 'इनिट-आरडी' नावाचा उपाय करतात: आवश्यक ड्रायव्हरांची एक छोटी पुरचुंडी बूटलोडरच कर्नलबरोबर मेमरीत आणून ठेवतो. आमच्या मुलांनी पुरचुंडी बांधायचा टप्पा गाळलेला असे.

त्याने 'एम'च्या जागी तारा ठेवला आणि पुन्हा कंपाइल करायला लावलं. दीड-दोन तास. चहा, लाइट जाणं, लाइट येणं. मग बूट केलं तर पुन्हा पॅनिक. पोरगा खुर्चीत मागे रेलला. म्हणाला, "सर, तेच आलं परत."

"वहीत उतरव," मी म्हटलं.

उतरवताना तो आकड्यांपाशी थांबला. कंसात आता (३,१) होतं.

तीन हा त्या काळी आयडीई मार्गावरच्या पहिल्या डिस्कचा क्रमांक, आणि एक म्हणजे तिचं पहिलं विभाजन. म्हणजे कर्नलला डिस्क सापडली होती, विभाजनांचा तक्ता वाचता आला होता, नेमक्या दारापर्यंत तो पोचला होता. आत ईएक्सटी३ नावाची फाइलसिस्टीम होती आणि ती वाचायची कशी एवढंच त्याला ठाऊक नव्हतं. शब्द सगळे तेच, पॅनिक तेच. मधलं अंतर मात्र एक अख्खा ड्रायव्हर. मुलाला हे समजलं तेव्हा त्याचा चेहरा बदलला तो यंत्र चालू झाल्यासारखा, आणि यंत्र तर बंदच होतं.

पुढच्या खेपेला फाइलसिस्टीमपुढे तारा लागला. मग 'अनेबल टू ओपन ॲन इनिशियल कन्सोल' अशी तक्रार आली. दार उघडून आत शिरल्यावर पहिला आवाज काढायला जे कन्सोल लागतं, त्याची खूण डिस्कवरच्या 'देव्ह' फोल्डरात नव्हती. नॉपिक्सची सीडी लावून ती खूण हाताने तयार केली, आणि संध्याकाळी लॉगिनचा पडदा आला. मला मात्र त्या सगळ्यात (३,१) हाच क्षण मोठा वाटतो.

आमच्या वर्गाच्या खाली मोटर बांधणाऱ्याचं दुकान होतं. उसा-केळीच्या हंगामात जळक्या पाणबुडी मोटरींचा ढीग दारात. तो कधीमधी वर यायचा, पडद्याकडे पाहायचा आणि विचारायचा, "काय भो, कथा अटकनं?" काय बिघडलं असं तो कधी विचारत नसे, विचारायचा ते कुठे अडकलं हेच. संगणकातलं त्याला काही कळत नव्हतं आणि प्रश्न मात्र माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांपेक्षा बरोबर होता.

आमच्याकडे धनत्रयोदशीच्या सुमाराला अस्तंब्याची यात्रा असते. अश्वत्थामा त्या डोंगरावर वावरतो अशी श्रद्धा. गुजरातेतून, मध्य प्रदेशातून माणसं येतात आणि तळोद्यावरून, कोठारच्या वाटेने सातपुड्यात चढतात. सगळे शिखरावर पोचत नाहीत. परतलेल्याला गावात कोणी 'झाली का यात्रा' एवढंच विचारून सोडत नाही, कुठून माघारी फिरलास ते विचारतात. आणि वाट चाललेला माणूस एका नावावरून ओळखतो की तहान होती, पाय होता की थंडी. ज्याने वाट पाहिलेली नाही त्याला ते नाव ऐकून काही कळायचं नाही. कर्नलचं तसंच आहे. (३,१) हे वाट माहीत असणाऱ्यालाच बोलतं.

म्हणून मी दुसरा नियम केला. यंत्र छान चालू असताना 'डीमेसेज' ही आज्ञा द्यायची आणि बूट होताना कर्नलने जे जे म्हटलं ते सगळं छापून वहीत चिकटवायचं. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर ती चार-पाच पानं निघत. मुलं वैतागायची: चाललेल्या यंत्राचा कागद कशाला? पण बिघडलेल्या बूटमध्ये जी ओळ आलीच नाही, ती तुम्ही कशी शोधणार? दिसणारी चूक कोणीही दाखवतो. यायची ती ओळ आली नाही, हे फक्त त्यालाच कळतं ज्याच्याकडे चांगल्या दिवसाची नोंद आहे.

काही बिघाड तर खास आमच्या भागाचे होते. वीज मंडळाचं विभाजन होऊन २००५ मध्ये महावितरण आली, त्या वर्षांत ग्रामीण भागातलं भारनियमन भयंकर वाढलं. कंपाइल मध्येच तुटायचं. 'मेक' हा हुशार गडी आहे. कुठली फाइल कधी तयार झाली ते घड्याळ पाहून तो जिथे तुटलं तिथून पुढे सुरू करतो. पण वीज गेली त्या क्षणी अर्धवट लिहिलेली किंवा रिकामी राहिलेली एखादी फाइल असेल, तर तिच्यावरची वेळ ताजी असते आणि मेक ती झाली असं समजून पुढे जातो. जोडणीच्या वेळी मग भलतीच तक्रार. तिथे 'मेक क्लीन' म्हणून सगळं पुन्हा, दुसरा इलाज नाही.

याहून गंमत घड्याळाची. मदरबोर्डवर बटणाएवढा सेल असतो, यंत्र बंद असताना वेळ सांभाळायला. आमच्या जुन्या यंत्रांतले ते सेल मेलेले. लाइट जाऊन आली की यंत्र काही वर्षं मागे जाई. मग मेक म्हणे, घड्याळात घोळ दिसतोय, बांधणी अपुरी राहिली असेल. फाइली भविष्यातल्या, घड्याळ भूतकाळातलं. काय नवं आणि काय जुनं हेच ठरेना. आणि कर्नल नीट बांधला गेला तरी बूट होताना डिस्क तपासणारा प्रोग्राम अडून बसे: ही डिस्क शेवटची उघडली ती वेळ अजून यायची आहे! रूटचा पासवर्ड द्या आणि दुरुस्त करा. मुलगा बिचारा कर्नलच्या चौकोनांत दोष शोधत रात्र घालवतो, आणि दोष निघतो घड्याळजीकडे मिळणाऱ्या सेलचा. ते पॅनिक नव्हतं, कर्नल तर कधीच आपलं काम करून मोकळा झाला होता. पण 'आत्ताच नवा कर्नल टाकला' ही आठवण इतकी ताजी असते की सगळं पाप त्याच्याच माथी जातं. शेवटचा केलेला बदल हा पहिला संशयित असावा हे ठीक. एकमेव असू नये.

पॅनिकच्या ओळीत एक तुकडा असतो, 'नॉट सिंकिंग'. सुरुवातीला मीही तो नुसता वाचून पुढे जायचो. सिंक म्हणजे मेमरीत साठलेलं, डिस्कवर अजून न उतरलेलं लिखाण डिस्कवर उतरवणं. एरवी बंद होताना कर्नल हे न चुकता करतो. पॅनिकमध्ये तो सांगतो की मी हे करणार नाही. कारण आपल्याच मेमरीत काय खरं काय खोटं याची आता त्याला खात्री नाही, आणि खात्री नसलेलं डिस्कवर लिहिणं म्हणजे चांगला डेटाही नासवणं. डिस्कच न सापडलेल्या पॅनिकमध्ये उतरवायला काही नसतंच, तिथे ती ओळ निव्वळ छापील पद्धत. पण चालत्या यंत्रावर, भर कामात पॅनिक येतं तेव्हा त्या दोन शब्दांना वजन असतं. हातातलं थोडं बुडालं तरी चालेल, लिहिलेलं बिघडवणार नाही. मग कीबोर्डवरचे कॅप्सलॉक, स्क्रोललॉकचे दिवे लुकलुकत राहतात आणि यंत्र कशालाही दाद देत नाही. भ्रम झाला असताना सही न करणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

आणि जुना कर्नल पुसायचा नाही. हा तर बाळबोध नियम, पण लिलोच्या काळात तो मोडायच्या दोन वाटा होत्या. एक, नवी फाइल जुन्याच नावावर लिहायची. दुसरी अधिक कपटी: फाइल बदलली पण 'लिलो' ही आज्ञा पुन्हा चालवली नाही. लिलोला फाइलींची नावं कळत नसत, कर्नल डिस्कच्या कुठल्या ठोकळ्यांवर आहे त्याचे पत्तेच तो टिपून ठेवायचा. कर्नल बदलला, पत्ते जुनेच. पुढे ग्रब आला, त्याला फाइलसिस्टीम वाचता येते, आणि हा त्रास गेला. त्याबरोबर ती एकेक अक्षरं पण गेली.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बूट होता होता कोसळू लागली, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता. लिनक्सशी त्याचा संबंध नव्हता आणि तिथे कोणी कर्नल कंपाइलही करत नव्हतं. पण कर्नलच्या पोटात बसणाऱ्या ड्रायव्हरला एक वाईट फाइल मिळाली आणि यंत्र सुरू होऊन त्याच जागी पडत राहिलं. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. उपाय अगदी साधा होता: सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसणे. पण जे यंत्र उठतच नाही त्याला दुरून हात लावता येत नाही, म्हणून असंख्य ठिकाणी माणसाला त्या त्या यंत्रासमोर जाऊन उभं राहावं लागलं. तो दिवस बातम्यांत पाहताना मला आमची मुलं आठवत होती. गोणपाट, एसटी आणि वही.

आता वही कोणी काढत नाही. तक्रार कॅमेऱ्याबद्दल नाही. माझा राग आहे तो 'क्वाएट स्प्लॅश'वर. बहुतेक वितरणं बूट होताना कर्नलचं सगळं बोलणं झाकून वर एक फिरतं बोधचिन्ह ठेवतात. यंत्र बरं असेपर्यंत ते छान दिसतं. पण रोज डोळ्यांखालून जाणाऱ्या त्या ओळींनी न शिकवता काही शिकवलं होतं: कुठल्या ओळीनंतर कुठली येते, कुठे क्षणभर थांबतं, कुठे सरसर जातं. ते गेल्यावर पॅनिकच्या दिवशी माणूस त्या भाषेशी पहिल्यांदाच बोलत असतो.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्याला असतो. परवा त्याने नव्या लॅपटॉपवर कर्नल बांधला. इनिट्रॅमएफएसची पुरचुंडी नको, सगळं कर्नलमध्येच बसवायचं, अशी त्याची हौस. पॅनिक. फोटो आला. तळाशी (०,०) होतं आणि त्याच्या वरचं बाकी सगळं पडद्याबाहेर गेलेलं. पूर्वी शिफ्ट-पेजअप दाबून मागे जाता यायचं; सांभाळायला कोणी नाही म्हणून ती सोय २०२० मध्ये ५.९ आवृत्तीच्या वेळी काढून टाकली. मी त्याला बूटचं स्लो-मोशन चित्रण करायला सांगितलं. फोनचा हा उपयोग मला फार आवडतो. चित्रण एकेक चौकट थांबवत पाहिलं. नवा कर्नल डिस्क न सापडल्यास हजर असलेल्या विभाजनांची यादी छापतो. यादी रिकामी होती.

"कॉन्फिग कुठून घेतलीस?"

"ऑफिसच्या डेस्कटॉपवर 'लोकलमॉडकॉन्फिग' चालवलं होतं, सर."

ती आज्ञा त्या क्षणी त्या यंत्रात चालू असलेली मॉड्यूल पाहते आणि बाकीची गाळते. डेस्कटॉपला साटा डिस्क, लॅपटॉपला एनव्हीएमई. गाळलं गेलं. एनव्हीएमईपुढे तारा ठेव म्हटलं. त्याच्या यंत्रावर कंपाइलला फार वेळ लागत नाही. माझा चहा व्हायच्या आत पुढचा निरोप आला.

"सर, परत पॅनिक. पण (२५९,३)."

"पण" हा शब्द त्याने स्वतःहून लिहिला होता. मी विचारलं, तिसऱ्या विभाजनावर फाइलसिस्टीम कुठली आहे? म्हणाला, फेडोराने घातलेली, बीटीआरएफएस. डेस्कटॉपवर कुठली? ईएक्सटी४.

"बघतो," असं लिहून तो गेला.